एका किल्ल्याचे दोन ड्यूक

१७४५च्या ऑगस्टअखेरीस स्कॉटलंडमधल्या पर्थशरच्या डोंगराळ भागात, ब्लेअर कॅसलमध्ये, एक ड्यूक घर सोडून निघून गेला आणि दुसरा ड्यूक त्याच घरात येऊन यजमान म्हणून उभा राहिला. दोघेही स्वतःला ॲथॉलचा ड्यूक म्हणवत होते आणि दोघे सख्खे भाऊ होते. निघून गेलेला जेम्स मरे लंडनच्या राजाने मान्य केलेला ड्यूक होता. आलेला विल्यम मरे त्याच्याहून वयाने मोठा, तीस वर्षांचा बहुतेक काळ परागंदा राहिलेला, संधिवाताने खंगलेला आणि लंडनच्या दृष्टीने देशद्रोही होता. विल्यमबरोबर एक पंचविशीही न गाठलेला राजपुत्र होता, चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट, जो आपल्या आजोबांचे गेलेले सिंहासन परत मिळवायला फ्रान्सहून समुद्रमार्गे मोजक्या साथीदारांसह आला होता. आणि या दोन भावांना आणखी एक धाकटा भाऊ होता, लॉर्ड जॉर्ज मरे. पुढच्या आठ महिन्यांत बंडाची बहुतेक लढाई ज्याच्या डोक्याने लढली गेली, तो हाच.

भाऊ भावाविरुद्ध तलवार उपसतो अशा साहसकथा मला लहानपणापासून प्रिय आहेत. त्यांत एक भाऊ उजळ असतो, एक काळा असतो. एक घरी राहतो, दुसरा युद्धाला जातो. कधी कोणी कोणत्या बाजूला जायचे हे नाणे उडवून ठरते, आणि शेवटी हिशेब तलवारीने चुकता होतो. मरे बंधूंची हकीकत वाचताना मला त्या कथांचा सगळा थरार सापडला: रात्रीचे छापे, वेढा, तापवून लाल केलेले तोफगोळे, समुद्रापलीकडे पलायन. फक्त काळा भाऊ कुठे सापडला नाही. तिघांचीही पत्रे शिल्लक आहेत, पुढे याच घराण्याच्या सातव्या ड्यूकने ती छापूनही काढली, आणि ती वाचल्यावर कोणा एकाची बाजू घेऊन दुसऱ्याला दूषण देणे मला जमलेले नाही. ही गोष्ट मला सांगावीशी वाटते ती त्यासाठीच.

फूट या घराला नवी नव्हती. १६८८मध्ये कॅथलिक राजा जेम्स (राजपुत्र चार्ल्सचा आजोबा) पदच्युत होऊन विल्यम ऑफ ऑरेंज गादीवर आला, आणि पदच्युत राजाच्या बाजूने उभे राहिलेले लोक जॅकबाइट म्हणवले जाऊ लागले. दुसऱ्याच वर्षी, १६८९च्या जुलैत, या भावांचा बाप लॉर्ड जॉन मरे नव्या राजाच्या वतीने आपल्याच वडिलांच्या ब्लेअर कॅसलसमोर येऊन उभा राहिला, तेव्हा वडिलांच्याच कारभाऱ्याने त्याला दार उघडले नाही. किल्ला जॅकबाइटांसाठी धरलेला होता. काही दिवसांतच जवळच्या किलिक्रँकीच्या खिंडीत मोठी लढाई झाली. हा लॉर्ड जॉन पुढे १७०३मध्ये ॲथॉलचा पहिला ड्यूक झाला, आणि १७१५मध्ये जॅकबाइटांनी पुन्हा बंड केले तेव्हा स्वतः सरकारच्या बाजूला राहिला. पण विल्यम, चार्ल्स आणि जॉर्ज हे त्याचे तीन मुलगे बंडात सामील झाले. चार्ल्स प्रेस्टनला पकडला गेला आणि तो सरकारी सैन्यातला अधिकारी असल्यामुळे पळपुट्या शिपायाची शिक्षा, म्हणजे गोळ्या घालून मृत्यू, त्याला सुनावण्यात आली. ती पुढे टळली. थोरला म्हणून वारस असलेला विल्यम देशद्रोही ठरला. तेव्हा संसदेने खास कायदा करून घराण्याचा किताब आणि जहागीर मधल्या जेम्सच्या नावे केली. १७२४मध्ये बाप वारला आणि जेम्स दुसरा ड्यूक झाला. जॅकबाइटांच्या लेखी मात्र खरा ड्यूक परदेशात दिवस काढणारा विल्यमच होता.

जेम्सने हिरावून घेतले असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. कायदा झाला नसता तर सारी जहागीर सरकारजमा झाली असती. आणि धाकट्या भावाशी तो ज्या रीतीने वागला ते पाहता मला त्याच्यात लोभी माणूस दिसत नाही. जॉर्ज १७१५नंतर गप्प बसला नव्हता. १७१९मध्ये स्पॅनिश मदतीवर झालेल्या फसलेल्या उठावात तो विल्यमबरोबर ग्लेन शीलला लढला, जखमी झाला आणि युरोपात पळाला. १७२५मध्ये त्याला माफी मिळाली. त्यानंतर तो ड्यूक जेम्सच्या मालकीच्या टलिबार्डिनच्या घरात राहू लागला, लग्न केले, मुले झाली, शेतीवाडी पाहू लागला. १७३९मध्ये त्याने दुसऱ्या जॉर्ज राजाशी निष्ठेची शपथही घेतली. वीस वर्षे हे दोन भाऊ शेजारधर्माने आणि जिव्हाळ्याने राहिले. पन्नाशी ओलांडलेल्या, संसारात रमलेल्या या माणसाला पुन्हा तलवार उचलण्याचे काहीएक कारण नव्हते.

१९ ऑगस्ट १७४५ रोजी ग्लेनफिननच्या सरोवराकाठी स्टुअर्टांचे निशाण उभारले गेले. ते उभारण्याचा मान विल्यमला मिळाला, आणि पायांत बळ नसल्यामुळे त्याला दोन्ही बाजूंनी माणसांनी धरून उभे केले होते. त्याच सुमारास क्रीफ गावी सरकारी सेनापती सर जॉन कोप याला भेटायला ड्यूक जेम्स गेला, तेव्हा त्याच्या शेजारी जॉर्ज होता. ड्यूकने जॉर्जला पर्थशरचा डेप्युटी शेरीफही नेमले होते. आणि दोन आठवड्यांच्या आत तोच जॉर्ज पर्थला जाऊन राजपुत्राला मिळाला.

जाण्यापूर्वी, ३ सप्टेंबरला, त्याने टलिबार्डिनहून जेम्सला पत्र लिहिले. आपण जे पाऊल उचलतो आहोत ते तुला मुळीच पसंत पडणार नाही, हे तो सरळ कबूल करतो. आपले प्राण, आपली मालमत्ता, आपल्या आशा, बायकोमुलांचे सुख सारे पणाला लागले आहे आणि पारडे आपल्या विरुद्ध झुकलेले आहे, हेही लिहितो. तरीही आपल्याला जी इभ्रत वाटते, राजा आणि देश यांच्याविषयीचे जे कर्तव्य वाटते, ते या सगळ्याहून जड ठरले, असे तो सांगतो. मी या पत्रावर फार वेळ रेंगाळलो आहे. त्यात भावाला पटवण्याचा प्रयत्न नाही, त्याच्यावर आरोप नाही, आणि जिंकू अशी बढाई तर कुठेच नाही. हरण्याची शक्यता अधिक आहे हे जाणणारा माणूस, ज्याच्या घरात राहतो त्या भावाला, आपण उद्यापासून शत्रू आहोत हे स्वतःच्या हाताने कळवतो आहे. यापुढची त्याची प्रत्येक लढाई मी या पत्राच्या उजेडात वाचतो.

त्या क्रीफच्या भेटीने मात्र त्याचा पिच्छा सोडला नाही. राजपुत्राचा चिटणीस जॉन मरे ऑफ ब्रॉटन (आडनाव तेच, शाखा निराळी) याने पहिल्यापासून चार्ल्सच्या कानी घातले की, कालपरवा कोपच्या तंबूत बसलेला, सरकारी ड्यूकचा सख्खा भाऊ असलेला हा माणूस फितूर असणार. जॉर्ज स्वभावाने तापट आणि तोंडाने फटकळ होता, चूक दिसली की ती राजपुत्राच्या तोंडावर सांगणारा होता, त्यामुळे हा संशय रुजायला जमीन आयती तयार होती. २१ सप्टेंबरला प्रेस्टनपॅन्सला दलदलीतून वाट काढून पहाटे केलेल्या हल्ल्यात कोपच्या फौजेची जेमतेम पाव तासात दाणादाण उडाली, त्यात जॉर्जचा वाटा मोठा होता. डिसेंबरच्या आरंभी फौज इंग्लंडमध्ये डर्बीपर्यंत पोहोचली, आणि ५ तारखेच्या मसलतीत जॉर्जने परत फिरण्याचा आग्रह धरला: इंग्लंडमध्ये कोणी उठून मिळालेले नाही, फ्रेंच उतरलेले नाहीत, आणि तीन बाजूंनी फौजा चालून येत आहेत. बहुतेक सरदार त्याच्या बाजूने होते. चार्ल्सने ते मानले, पण मनातून कधीच क्षमा केली नाही. परतीच्या वाटेवर पिछाडी सांभाळण्याचे सर्वांत अवघड काम जॉर्जनेच अंगावर घेतले. १८ डिसेंबरच्या संध्याकाळी क्लिफ्टन गावाजवळ पाठलाग करणाऱ्या घोडेस्वारांवर तो हातात तलवार घेऊन पायी धावून गेला, आणि जानेवारीत फॉल्कर्कच्या माळावर उजव्या बगलेच्या पुढे तसाच पायी चालला. फितुराने इतक्या वेळा मरणाच्या तोंडी जाण्याचे काय कारण, हा प्रश्न त्या दरबारात कोणी विचारला असेल तर त्याचा उपयोग झाला नाही.

या सगळ्यात ॲथॉलच्या दऱ्याखोऱ्यांतल्या कुळांची अवस्था मला सर्वांत वाईट वाटते. एक ड्यूक सांगत होता, घर सोडू नका, बंडात जाऊ नका. दुसरा ड्यूक सांगत होता, जुन्या रिवाजाप्रमाणे धन्यासाठी शस्त्र घेऊन या. दोघांचा बाप एक, दोघांचा किताब एक. अनेक जण मनाविरुद्ध, घर जाळण्याच्या आणि गुरे नेण्याच्या धमक्यांखाली ओढून आणले गेले. त्यांतले कितीतरी संधी मिळताच घरी पळून जात, आणि जॉर्ज त्यांना परत आणण्यासाठी पत्रांमागून पत्रे लिहीत असे. ॲथॉल ब्रिगेड जॅकबाइट फौजेतली एक मोठी पलटण होती, आणि माणसे गळण्याचे प्रमाणही तिच्यात मोठे होते. पळणाऱ्या माणसाला भित्रा म्हणण्याचे धाडस मला होत नाही. निष्ठा कोणाशी ठेवायची हे ठरवण्याचा हक्क त्याला मुळातच नव्हता. १७४६च्या फेब्रुवारीत पहिल्या जॉर्ज राजाचा नातू ड्यूक ऑफ कंबरलंड याच्या फौजेबरोबर जेम्स परत आला आणि त्यानेही याच कुळांना बंडखोरांविरुद्ध हाक दिली.

मग मार्च महिना आला, आणि घराण्याच्या १६८९मधल्या प्रसंगाची पुनरावृत्ती झाली. जॅकबाइट फौज उत्तरेला इन्व्हरनेसकडे हटली होती. ब्लेअर कॅसलमध्ये सरकारी शिबंदी होती, सर अँड्र्यू ॲग्न्यू हा तिचा तापट म्हातारा सुभेदार, आणि आसपासच्या घरांत, वाड्यांत सरकारी चौक्या होत्या. ॲथॉलमधल्या जुलमाच्या बातम्या जॉर्जच्या कानी येत होत्या. १६ मार्चच्या रात्री त्याने आणि मॅकफर्सन कुळाचा प्रमुख क्लनी मॅकफर्सन याने सुमारे ७०० माणसांनिशी, लहानलहान टोळ्या करून, तीसेक चौक्यांवर एकाच वेळी छापा घातला. ज्या टोळीला ज्या भागाची वाट माहीत, तिला तोच भाग दिला होता. पहाटेपर्यंत बहुतेक चौक्या पडल्या आणि कैद्यांची संख्या सुमारे ३०० झाली.

त्या पहाटेचा एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. सगळ्या टोळ्यांनी ब्रुआरच्या पुलापाशी जमायचे ठरले होते. जॉर्ज आणि क्लनी पंचवीसेक माणसांसह तिथे वाट पाहत उभे असताना ब्लेअर गावातून एक माणूस धावत आला आणि म्हणाला की, ॲग्न्यू मोठी तुकडी घेऊन इकडेच निघाला आहे. बरोबरच्यांनी सांगितले, डोंगरात निघून जाऊ. जॉर्जने नकार दिला. आपण गेलो तर एकेक टोळी येईल आणि आयती शत्रूच्या हाती सापडेल, असे त्याचे म्हणणे होते. पुलाजवळच्या शेतात मातीच्या ढेकळांचा एक लांबलचक बांध होता. त्याने आपली माणसे त्या बांधामागे दूरदूर अंतरावर उभी केली, पलटणींची निशाणे तशीच लांबलांब रोवली, आणि बॅगपाइप वाजवणाऱ्यांना सांगून ठेवले की, शत्रू दिसताक्षणी सगळ्यांनी मिळून सूर धरायचा. सूर्य वर येत होता, ॲग्न्यूची तुकडी दिसू लागली, आणि पाइप घुमू लागले; बांधामागच्या प्रत्येकाने तलवार उपसून डोक्यावर फिरवायला सुरुवात केली. समोरून पाहणाऱ्याला तिथे सबंध फौज असल्यासारखे वाटले. ॲग्न्यूने आपली माणसे मागे फिरवून किल्ल्यात नेली. साहसकथेत घातला असता तर अतिशयोक्त वाटला असता असा हा प्रसंग आहे, आणि माझ्या मते जॉर्ज मरेचा खरा स्वभाव त्यात दिसतो. त्याने धाडस केले ते अंधारात वाट चुकत येणाऱ्या आपल्या माणसांसाठी.

१७ मार्चपासून ब्लेअरला वेढा पडला. जॉर्जने शरण येण्याची मागणी लिहिली, पण ॲग्न्यूच्या रागाची ख्याती अशी होती की ती घेऊन जायला कोणी तयार होईना. शेवटी गावातल्या खानावळीतली मॉली नावाची मुलगी, जिला किल्ल्यातले तरुण अधिकारी ओळखत होते, ती कागद घेऊन गेली. म्हाताऱ्याचा आरडाओरडा तिला बाहेर ऐकू आला आणि ती धावत परत आली. आतल्या अधिकाऱ्यांनी ॲग्न्यूचाच जुना कोट पेंढ्याच्या बाहुल्याला घालून, हातात दुर्बीण देऊन तो बुरुजाच्या खिडकीत उभा केला. बाहेरचे नेमबाज त्याच्यावर गोळ्या वाया घालवत राहिले. ॲग्न्यूला कळले तेव्हा त्याने हुकूम दिला की, ज्याने बाहुला ठेवला त्यानेच जाऊन तो काढून आणायचा.

जॉर्जकडे दोनच हलक्या तोफा होत्या. जाड भिंतींना त्यांनी काही होणार नव्हते, म्हणून त्याने गोळे आगीत लाल करून छपरावर डागायला सुरुवात केली. ते लाकडी तुळयांत रुतून धुमसत, आणि आतले शिपाई ड्यूकच्या मुदपाकखान्यातल्या मोठ्या लोखंडी पळीने ते उचलून पिंपात टाकून विझवत. ज्या छपराखाली त्याचे बालपण गेले होते ते छप्पर जॉर्ज स्वतःच्या हुकमाने पेटवू पाहत होता, आणि तरीही इन्व्हरनेसला कुजबुज अशी होती की भावाचे घर वाचावे म्हणून तो हात राखून लढतो आहे.

दुसरीकडे थोरला विल्यम वेगळ्याच कारणाने दुखावला होता. छाप्याची मसलत बाहेर फुटू नये म्हणून जॉर्जने त्यालाही खरा बेत सांगितला नव्हता. विल्यमला हा अपमान वाटला. जहागीर आपली, किल्ला आपला, माणसे आपली, आणि आपल्यालाच अंधारात ठेवले. २६ मार्चला त्याने इन्व्हरनेसहून जॉर्जला पत्र धाडले. तू मला खोटी गोष्ट सांगितलीस, असे सुरुवातीलाच खडसावून तो लिहितो की, आता किल्ल्याचे काय करायचे ते तिथल्या सरदारांना योग्य वाटेल तसे करा, मला त्याची फिकीर नाही. घर उडवून दिले तर खापरपणजोबा, आजोबा आणि वडील यांची चित्रे नष्ट होतील, आणि ती हानी भरून येणारी नाही. पण पूर्वजांच्या त्या फिकट प्रतिमांची तुलना सार्वजनिक कार्याशी होऊ शकत नाही. तीस वर्षांनी ज्या घरात तो पुन्हा शिरला आणि जिथे त्याला काही महिनेच राहायला मिळाले, त्या घराविषयी हे त्याचे शब्द आहेत. भाऊबंदकी म्हटली की आपल्याला दोन विरुद्ध छावण्या दिसतात. इथे एकाच छावणीतल्या, एकाच ध्येयासाठी सर्वस्व सोडलेल्या दोन भावांमध्येही ती होती, आणि तरी दोघांपैकी कोणीही घर वाचवण्यासाठी ध्येय सोडायला तयार नव्हता.

किल्ला पडला नाही. शिबंदी भुकेने टेकीला आली होती, पण सरकारच्या मदतीला आलेली हेस संस्थानची जर्मन फौज दक्षिणेकडून सरकू लागली, इकडे राजपुत्राने जॉर्जला परत बोलावले, आणि एप्रिलच्या सुरुवातीला वेढा उठला. १६ एप्रिलला कलोडनच्या माळावर, जी जागा जॉर्जने स्पष्ट शब्दांत नाकारली होती तिथे, आदल्या रात्रीच्या फसलेल्या कूचेने थकलेली, उपाशी फौज उभी केली गेली. उजव्या बगलेवर ॲथॉल ब्रिगेड होती आणि तिच्या पुढे जॉर्ज. त्या धावेत ॲथॉलची माणसे फार मोठ्या संख्येने पडली. जॉर्ज शत्रूच्या रांगेपर्यंत जाऊन, दुसऱ्या फळीला आणण्यासाठी परत आला आणि मैदान सोडणाऱ्या अखेरच्यांपैकी एक होता. दुसऱ्या दिवशी रुथव्हेनहून त्याने राजपुत्राला राजीनामा लिहिला, आणि फ्रान्सच्या खात्रीच्या मदतीशिवाय निशाण उभारायलाच नको होते हे त्यात सांगून टाकले.

आजारी विल्यम एप्रिलअखेरीस लोमंड सरोवराजवळ शरण गेला. त्याला जहाजाने लंडनला नेले आणि ९ जुलै १७४६ रोजी, खटला चालण्यापूर्वीच, तो टॉवर ऑफ लंडनमध्ये कैदेत वारला. जॉर्ज वर्षअखेरीस युरोपात निसटला. रोममध्ये राजपुत्राच्या वडिलांनी त्याचे मानाने स्वागत केले, निवृत्तिवेतन लावले; पॅरिसमध्ये चार्ल्सने मात्र त्याला भेटायलाही नकार दिला. तो ११ ऑक्टोबर १७६० रोजी हॉलंडमधल्या मेडेम्ब्लिकला मरण पावला. आणि जेम्सने किल्ल्याचे बुरुज आणि कंगोरे उतरवून त्याचे साधे घर केले, ज्याला पुन्हा कोणी वेढा घालणार नाही.

अशा घराण्यांबद्दल एक हिशेबी स्पष्टीकरण नेहमी दिले जाते: दोन्ही बाजूंना एकेक मुलगा ठेवायचा, म्हणजे कोणीही जिंकले तरी जहागीर घरात राहते. काही घरांनी तसे केलेही असेल. मरे घराण्याला ते लावले जाते तेव्हा मला मनापासून राग येतो, कारण त्यात शेवट पाहून सुरुवात लिहिली जाते. जेम्सचा एकही मुलगा जगला नाही. विल्यम अविवाहित होता आणि देशद्रोही ठरलेला. म्हणजे ॲथॉलची सारी जहागीर, आणि १७३६मध्ये जेम्सकडे आलेले आइल ऑफ मॅन बेटाचे स्वामित्व, पुढे जॉर्जच्या घरी येण्याची वाट मोकळी होती. घरी बसून राहिला असता तर त्याच्या मुलाला काहीही न करता सारे मिळाले असते. ३ सप्टेंबरच्या पत्रात आपल्या आशा पणाला लागल्या आहेत असे जॉर्जने लिहिले, तेव्हा त्याच्या मनात हे असलेच पाहिजे. तो डाव खेळत असेल तर घर वाचवण्याचा खेळत नव्हता. मुलाच्या तोंडचा घास टेबलावर ठेवत होता.

जेम्सने तो घास काढून घेतला नाही. १७५३मध्ये त्याची मुलगी शार्लट हिचे लग्न जॉर्जचा थोरला मुलगा जॉन याच्याशी झाले, आपल्या छपरावर लाल गोळे टाकणाऱ्याच्या मुलाशी. १७६४च्या जानेवारीत जेम्स वारला, तेव्हा बाप देशद्रोही ठरलेला असल्यामुळे जॉनला किताब मिळतो का, हा प्रश्न उभा राहिला. त्याने राजाकडे अर्ज केला, तो हाउस ऑफ लॉर्ड्सकडे गेला, आणि फेब्रुवारीत निकाल त्याच्या बाजूने लागला. जॉन मरे ॲथॉलचा तिसरा ड्यूक झाला आणि शार्लटसह ब्लेअरला राहायला गेला. पुढच्याच वर्षी त्या दोघांनी आइल ऑफ मॅनचे स्वामित्व ब्रिटिश राजसत्तेला ७०,००० पौंडांना विकले.